विचारणाऱ्याचा आवाज

केनेमात, आंब्याखाली, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या.
इबोलातून वाचलेल्यांच्या यादीत बाइंदू एकोणिसावी.
यादी माझ्या हातची. तीत मी नाही.
मधे फोन, पालथा, ऐकत पडलेला.

झोप लागते?
‘लागते.’
क्लोरीनचा वास आला तर?
‘बादली विसळते, झालं.’
पांढऱ्या कपड्यांतली माणसं स्वप्नात येतात?
ती कसाव्याची पानं खुडत राहिली.
‘येतात. आता नावानं हाक मारतात. बरी आहेत बिचारी.’

बेचाळीस प्रश्नांत ती दोनदा हसली,
साबणाची वडी घेऊन घरी गेली.

थरथर, श्वास, शब्दांमधली पोकळी
यंत्र मोजतं म्हणे.
संध्याकाळी फ्रीटाऊनहून निरोप:
धोका जास्त. ताबडतोब भेटा.
मग तिथल्या मुलीचाच फोन आला,
‘वांडी, घोळ झालाय. दोन्ही आवाज एकाच फायलीत गेले.
लाल खूण तिच्या उत्तरांवर नाहीये.
सतराव्या प्रश्नाआधी
कुणीतरी सहा सेकंद गप्प आहे.’

सतरावा:
तुमच्या शेजारच्या खाटेवर कोण होतं?

मी म्हटलं, यंत्राला शिकवा अजून थोडं.
फोन ठेवला.
हात धुतले.
पुसले, आणि परत
बादलीकडे गेलो.