सोमवारचे कपडे
(आयोवा, १९०८)

सोमवारी पहाटे कॉलेजची घोडागाडी येते.
ल्युडमिला हाव्लिक पोती फरशीवर उपडी करते:
पंधरा लोकरी जर्सी,
ओल्या कुत्र्याचा वास.

तिनं फुटबॉल कधी पाहिला नाही.
शनिवारी नदीपलीकडून आरडाओरडा येतो,
वाऱ्याची मर्जी असली तर.
पण सामना तिला कळतो.
पाठभर गवत, म्हणजे एंगर पुन्हा आडवा झाला.
पिकेटच्या बाहीवरचं रक्त पिकेटचं नाही,
त्याचं असतं तर कॉलरवरून ओघळलं असतं.
कॉनवेचा खांदा निखळला त्या आठवड्यात
जर्सी कात्रीनं कापूनच आली होती.

एकच जर्सी तीन हंगाम कोरी येते.
कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं ए. एस.
कोण असेल हा, बाकावर घोंगडी पांघरून बसणारा?
तीही ती धुते. पैसे नगावर मिळतात,
मळावर नाही.

आज हंगामातला शेवटचा सोमवार.
ए. एस. छातीपासून कोपरापर्यंत चिखलात,
एक शिवण उसवलेली,
आणि पोटावर आडवी, ठसठशीत,
पांढऱ्या चुन्याची रेघ.
चुना कुठून आला?
एवढं मात्र तिला वाचता येत नाही.

पाणी कोमट आहे; उकळतं लोकरीला सोसत नाही.
चौदा जर्सी टबात जातात.
दुपारी नवरा जेवायला येतो, खुंटीकडे बघतो,
"एक राहिली की गं."
"वाळू दे," ती म्हणते, भाकरी कापत,
"वाळला की चिखल सोपा निघतो."