मुख्य की

मल्लिनाथअण्णांच्या लाल वहीत
नरसम्मा यमुल तीन होत्या.
अण्णांचं कधी अडलं नाही.
विडीचा कट्टा हातात घेत,
दोऱ्याची गाठ अंगठ्यानं चाचपत
आणि म्हणत : ही घरकुलाची,
हिची गाठ डावीकडं वळते.

मला तो रकाना करता आला नाही.

पुण्याचा पोरगा दोन दिवस शिकवून गेला.
फळ्यावर लिहिलं : प्रायमरी की, कँडिडेट की, फॉरेन की.
तंबाखू मोजून घेणाऱ्या बाया हसल्या,
आमच्यात दर वाक्याला असतंय की!

नाव घातलं. मशीन म्हणालं, आधीच आहे.
फोन घातला. तो धाकट्या लेकाबरोबर भिवंडीला.
आधार घालावं तर एकीचं निघालंच नव्हतं,
पानं कातरून कातरून
बोटांवरच्या रेषा गेलेल्या.
मग नाव, नवरा, पेठ, तिन्ही गुंफून एक ओळख केली,
टॉवेलात उभा आडवा दोरा बसतो तशी.
चालली. सोमवारपर्यंत.

सोमवारी तिसरी आली.
नवऱ्याच्या जागी काय लिहू, विचारलं.
"रिकामं सोड."
मावशी, मुख्य कीमध्ये रिकामं चालत नाही.
"माझं चाललंय की. तेवीस वर्षं."

शेवटी नंबर दिला. ४११७.
कशाशी नातं नाही त्याचं,
म्हणून कशानं बदलायचा नाही.
तिनं तो पान कापायच्या पत्र्यावर
नातवाकडून खिळ्यानं कोरून घेतला.

मग ४११७ हिंडू लागला :
फंडाच्या तक्त्यात, पानाच्या वजनात,
दवाखान्याच्या चिठ्ठीत.
एकाच बाईची किल्ली
दहा परक्या दारांना टांगलेली.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
मालक म्हणाले, ४११७ काढून टाक, गेली ती.
मी बटण दाबलं.
मशीन म्हणालं, काढता येत नाही.
हिच्यावर टेकलेल्या नोंदी आहेत :
सहाशे बारा कट्टे,
दोन उचल,
एक चष्मा, अर्धे पैसे बाकी.

अण्णांना फोन लावला.
आता ऐकू कमी येतं त्यांना.
नरसम्मा गेली, अण्णा.
"कुठली?"
एक्केचाळीस सतरा, मी मोठ्यानं म्हणालो,
मग पुन्हा, आणखी मोठ्यानं.

पलीकडं बराच वेळ फक्त पंखा.
"आरं, पण गाठ
कुठं वळत होती तिची?"