ओलीचा पंचनामा

माझ्या यंत्राला दोन सुया आहेत.
भिंतीत टोचल्या की आकडा दिसतो.
एवढंच माझं काम:
भिंतीचं पाणी जोखायचं,
माणसांचं नाही.

फेब्रुवारी. लाइपझिग.
कालव्याकाठची जुनी इमारत, जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास.
दुसऱ्या मजल्यावर हेडरुन क्लेम, वय एकाहत्तर,
ट्रामच्या डेपोत तिकिटांचा हिशोब ठेवायच्या.
त्यांनी न्हाणीघराचं छत दाखवलं.
डागाभोवती पेन्सिलीच्या रेघा,
एकीबाहेर एक, प्रत्येकीवर तारीख.
नऊ जानेवारीला बशीएवढा.
सतराला ताटाएवढा.
त्यानंतर भांड्यांची उपमा पुरेना.
"शिडीवर चढलात? या वयात?"
"मग काय, डाग खाली येणार होता?"

घरमालक व्योल्क बूट न काढताच आत आले.
हातात भाडेकरार, कलम चौदा पिवळं केलेलं:
भाडेकरूने दिवसातून तीनदा खिडक्या उघडाव्यात.
"या बाई उघडत नाहीत. वाफ साचते, बुरशी धरते.
श्वासाचं पाणी आहे हे."
मी छतात सुया टोचल्या.
एवढी ओल श्वासातून यायची
तर बाईंनी न्हाणीघरात घोडे बांधायला हवे होते.

क्लेमबाईंनी वही पुढे केली.
सहा वीस, खिडकी उघडली. सहा तीस, मिटली. बाहेर उणे चार.
पानंच्या पानं.
शिवाय घरमालकाला धाडलेली तीन पत्रं, पोचपावत्यांसकट,
आणि भाड्यातून कापलेले वीस टक्के
वेगळ्या खात्यात, एक पैसा न मोडता.
वीस टक्के ऐकल्यावर व्योल्कांची मान लाल झाली.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयानं म्हणतात.
मला ते कुठेतरी शोधायचे पैसे मिळतात.
"वर कोण राहतं?"
व्योल्कांनी खांदे उडवले, घड्याळ पाहिलं,
गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणाले, आणि गेले.
बाई एकदम टेबल पुसू लागल्या.
टेबल कोरडंच होतं.

वर आन्सगार पील. दार नुसतं लोटलेलं.
टबाचा नळ चालू, पाणी काठाला,
दोन टॉवेल नीट घडी घालून ठेवलेले.
"हळू बोला," ते म्हणाले,
"इर्मट्राउट येईल आत्ता आंघोळीला."
भिंतीवर इर्मट्राउटचा फोटो,
चौकटीच्या कोपऱ्याला काळी फीत.

नळ मी बंद केला.
मागे क्लेमबाई उभ्या, चपला हातात, धापा टाकत.
"रोज संध्याकाळी सातला मी येऊन बंद करते.
आज तुम्ही होतात, म्हणून लवकर सुरू झालेला कळला नाही.
जानेवारीत एकदा दवाखान्यात उशीर झाला होता.
हे लिहिलंत तर व्योल्क यांना बाहेर काढतील."
"आणि तुमच्या छताचं?"
"छताला काय, रंग लावता येतो."

मी गुडघ्यांवर बसलो, टबाखाली विजेरी मारली.
जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी
भिंतीच्या आत निखळलेली.
रबर कुजलेलं, बोट लावताच भुगा झाला.
सांधा धड असता तर एवढं पाणी त्यानं पेललं असतं.
असतं का?
मी स्वतःला दोनदा विचारलं,
आणि दोन्ही वेळा उत्तर द्यायची घाई केली.

अहवालात लिहिलं:
कारण, जुनेपणा.
दुरुस्तीची जबाबदारी, घरमालक.
कुणाचा जुनेपणा, असा रकाना फॉर्मात नव्हता.

आता खाली वाळवणीचं यंत्र घरघरतंय,
तीन आठवडे, रात्रंदिवस.
क्लेमबाईंनी विजेच्या मीटरचा आकडा
पेन्सिलीनं भिंतीवरच टिपलाय, तारखेसकट.
"याचं बिल व्योल्क भरणार ना?"
"भरायला हवं."
"हवं म्हणजे?"
"वहीत लिहून ठेवा."
सातला पाच कमी होते.
त्यांनी वही मिटली, चपला हातात घेतल्या
आणि जिना चढू लागल्या.