बारा चित्रं

दर्यापूरच्या ग्रामीण रुग्णालयात दर बुधवारी
वाचा-उपचाराच्या शलाका मॅडम येतात.
आवाज मऊ. हातात पुठ्ठ्याची बारा चित्रं
आणि एक तक्ता,
बरोबर की चूक एवढंच विचारणारा.

समोर माझा बाप. पुंजाजी मापारी.
चाळीस हंगाम बाजार समितीच्या ओट्यावर
तुरीची पोती मोजली ती गळ्यानं.
पहिल्याला म्हणायचा लाऽभ, कारण एक म्हणायचं नसतं,
मग दोनाऽ, मग तीनाऽ,
आकडा पत्र्याला लागून खाली यायचा.
चैत्रात लकवा मारला.
उजवं अंग गेलं, सोबत आकडे गेले.

"हे काय आहे, बाबा?"
"केयं."
फुली.
"आणि हा?"
"डोया."
फुली.
नळाला नय. पाण्याला पानी.
चमच्याला मात्र मचा, मच, म,
आणि मग डाव्या हाताची मूठ टेबलावर.
त्यालाही फुली. तेवढीच मोठी, तेवढीच लाल.

मी बाजूला बसून बघत होतो.
पाचातली एकच फुली लकव्याची.
बाकी चार त्याच्या मायच्या.

तरी गप्प बसलो.
मला ती फुली ओळखीची होती.
पुण्यात मुलाखतीत म्हणालो होतो, "तेच सांगून राहिलो सर,"
तर तिघांतला एक हसून म्हणाला, "राहिलात? कुठे राहिलात?"
वाईट मनानं नाही. म्हणूनच विसरता आलं नाही.
मग वर्षभर भाड्याच्या खोलीतल्या मोरीत
जीभ उलटी वळवून टाळूला टेकवत राहिलो:
तळं, मळा, जवळ, केवळ.
आता विमा कंपनीच्या फोनवर लोक म्हणतात,
"तुम्ही विदर्भातले वाटत नाही हो."
अकरा वर्षं मी त्यांना धन्यवाद म्हणतोय.
बापाचा फोन आला की जिन्यात जायचो.
"मोठ्यानं बोल ना बे," तो म्हणायचा,
"चोरी करून रायला का?"

"माझ्या तोंडाकडे बघा, बाबा," मॅडम म्हणाल्या. "के-ळं."
बापानं बघितलं.
अर्धं तोंड उघडलं, जीभ कुठंतरी वर चाचपडली,
ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली.
के. के.
मग माझ्याकडे बघितलं.
मदत मागत नव्हता.
पारड्याखाली काही चिकटवलंय का
असं काट्याकडे बघायचा, तसं.

"थे बराबर हाय, मॅडम."
कोण बोललं ते मलाच आधी कळलं नाही.
"आमच्या इकडं केयंच म्हन्तेत. पह्यलेपासून.
आजारात नाही गेलं थे."

पेन थांबलं.
"डोयापण?"
"डोया बी."
त्यांचा चेहरा उतरला, खरंच उतरला.
फुल्या खोडायची सोय तक्त्यात नव्हती.
त्यांनी चौघींभोवती गोल काढले,
समासात काहीतरी बारीक लिहिलं.
"आणि चमच्याला काय म्हणतात?"
"चमचाच म्हन्तेत," मी म्हणालो.
बाप हसला. जेवढं तोंड होतं तेवढ्यानं.

परतीला कायीपिवयी मिळाली.
मागच्या बाकावर पाच जण, पायाशी कोंबड्यांची टोपली.
बाप खिडकीशी. विजेचा खांब आला, गेला.
"लाऽभ," तो म्हणाला. स्वच्छ.
पुढचा खांब गेला. त्याच्या पुढचाही.
येवद्याच्या फाट्यापर्यंत दोन आला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला.
"नमस्कार, बोला, काय मदत करू आपली?"
सगळे ळ जागच्या जागी, सगळे ण ताठ.

बापानं वळून बघितलं,
शेजारी कोणी नवीन पाहुणा येऊन बसल्यासारखं,
आणि जरा सरकून
त्याला जागा दिली.