आजचा भाव

दुपारी अडीचला, शटर अर्धं खाली असताना
ती वाकून आत आली.
पाठीला सॅक, हातात वही.
मोडक्या हिंदीत म्हणाली, लवंग. आज का भाव.
मी विचारलं, किती देऊ? शंभर? पाव?
म्हणाली, लेना नहीं. सिर्फ भाव.

भवानी पेठेत बावीस वर्षं खतावणी लिहितेय मी.
घ्यायचं नसताना भाव विचारतो तो एक तर दलाल
नाहीतर इन्कम टॅक्सवाला.
शेठ जेवायला गेले होते. सांगून टाकला.

तिनं तो लिहिला, त्याखाली दुसरा एक आकडा,
मधे रेघ मारली, भागाकार मांडला,
आणि न विचारता पोत्यात हात घालून
मूठभर लवंगा नाकाशी नेल्या.
इतका वेळ, की मला वाटलं आता शिंकेल.

नाव योसिना. गणेशखिंडीत संख्याशास्त्र शिकते.
बेटाचं नाव तिनं दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा मला वेगळं ऐकू आलं.
इंडोनेशियाच्या पार पूर्वेला, म्हणाली,
नकाशात बघाल तर शाईचा डाग वाटेल.
एकशेवीस घरं. बोट पंधरा दिवसांनी.
पश्चिमेचा वारा सुटला की तीही नाही,
मग साखर संपते, मग रॉकेल,
मग एकमेकांशी बोलायचं काही उरत नाही.
रेंज फक्त चर्चच्या घंटेपाशी.
आई शिडी चढून जाते, विचारते, जेवलीस?
पुढचं वाक्य वारा नेतो.
आजाच्या हातची एकोणीस झाडं.
बाप चढतो. भाऊही चढायचा,
आता कुठल्याशा जहाजावर दुसऱ्यांचे मासे धरतो.
बोटीवरचा व्यापारी तांदूळ आधी देतो,
लवंग मागाहून नेतो,
भाव त्याच्या तोंडात असतो.

कळी उमलायच्या आत खुडायची असते, ती म्हणाली.
उमलली की कुणी विचारत नाही.

मी चहा सांगितला. एकच. मग दोन.

बाळहिरड्याला हिंदीत काय म्हणतात?
मला येईना. हातांनी दाखवलं, एवढा.
आंबेगावच्या वरल्या अंगाला आमचा बाप झाडावर,
खाली आम्ही फडकं धरून.
आत बी धरायच्या आधीच उतरवायचा,
काळा होईस्तोवर खडकावर वाळवायचा,
डोक्यावरून घोडेगावला न्यायचा.
तिथल्या तराजूचं पारडं
व्यापाऱ्याच्या अंगठ्याला ओळखायचं.
मी सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेले.
ती अकराव्या, बोटीनं, दुसऱ्या बेटावर.
यावर आम्ही दोघी काहीच बोललो नाही.
हमालानं पोतं टाकलं, धूळ उडाली.

तिनं उत्तर हातानं झाकलं होतं,
पण उलटी वही वाचण्यातच माझा जन्म गेला.
शंभरात अकरा.
आणि ती अकरासुद्धा तांदळात.

परत जाणार का गं, मी विचारलं.
हसली. बोटीवर आहे, म्हणाली.
मग गंभीर होऊन, शब्द शोधत:
गावाचा एक काटा पाहिजे. आमचा. चर्चमध्ये ठेवायचा.
मुठीतल्या लवंगा तिनं पोत्यात परत टाकल्या,
तळव्याला चिकटलेली एक सोडून.

शेठ आले. कोण होती?
भाव विचारत होती.
घेतलं काही?
एक लवंग, मी म्हटलं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

संध्याकाळी बसस्टॉपला जाताना
आमच्यापासून चौथ्या दुकानापुढं थांबले.
बावीस वर्षं तिथून जाते, पलीकडच्या फुटपाथनं.
जडीबुटीची पोती, त्यात तो,
काळा, सुरकुतलेला, माझ्या लहानपणाच्या वासाचा.
बाळहिरडा काय भाव?
किती देऊ, बाई?
घ्यायचा नाही.
त्यानं मला पायापासून वर पाहिलं,
दलाल, की इन्कम टॅक्स, ते ठरवलं,
आणि सांगितला.

कागद नव्हता. तळहातावर लिहिला.
बसमध्ये दांडी धरून घर येईपर्यंत
घामानं त्यातला एक आकडा गेला.
रात्री नऊला भाऊ देवळाच्या गच्चीवर चढेल,
फोन लागेल,
तेव्हा हात दिव्याखाली धरून मी बघत असेन:
तीन होता, की आठ.