तीन रुपये

केप्याच्या बाजारातून पोदेराच्या सायकलीचा भोंगा गेला
की मी संगणक चालू करते.
बिलाची खिडकी दीड हात रुंद.
बावीस वर्षं हीच.

काल डॉक्टर दुभाषी मडगावच्या सभेहून आले,
गाडीची किल्ली हातातच,
म्हणाले, भरपाईला एकदा मर्यादा घालू दे सरकारला,
मग बघ बिलं कशी खाली येतात.
भितो म्हणून लिहितो गं आम्ही या तपासण्या.

खोटं नाही बोलत ते.
जानू वेळीपच्या पोराचं प्लास्टर आवळून बसलं
तेव्हापासून त्यांना धड झोप नाही.
काजूवरून पडलेलं नऊ वर्षांचं पोर रात्रभर रडलं,
आणि आमची सिस्टर म्हणाली,
हाड मोडलं की दुखायचंच.
तीन बोटं गेली.
मग सात वर्षं ग्राहक मंच.
जानू दर तारखेला बार्सेहून दोन बस बदलून जायचा,
सदरा तोच, इस्त्रीचा.
शेवटी मिळालं त्यात वकिलाचे किती
ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून एक हात दुखला
तरी एक्स-रे दोन्ही हातांचा.

रात्री मी हिशेब घातला. सवय.
डॉक्टरांच्या विम्याचा हप्ता, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार.
वहीतले पेशंट सोळा हजार.
माणशी तीन रुपये.
तीन रुपयांत हल्ली पावसुद्धा येत नाही.
मर्यादा आली तर त्यातला एखादा सुटेल.

आणि भीती?
तिची वेगळी ओळ नसते बिलात.
ती एक्स-रेच्या ओळीत बसते,
जिथे आधीच यंत्राच्या कर्जाचा हप्ता बसलाय
मांडी घालून.
साडेचारशेत कोणाचे किती,
मला कधी वेगळं काढता आलं नाही.
एवढं आठवतं,
यंत्र नवं होतं, केस अजून व्हायची होती,
तेव्हाही डॉक्टर दोन्ही गुडघे लिहायचे.
हे मी त्यांना बोलले नाही.

आज जानूचा पोर आला. उमो. एकोणिसाचा झाला.
फुटबॉल खेळताना डावं मनगट सुजलेलं.
कागद वाचून खिडकीतून वाकला,
"बाये, दुसऱ्या हाताचो कित्याक?"
दुसरा म्हणजे तो हात.
मी म्हटलं, लिहिलंय.

दोन एक्स-रे, तपासणी, गोळ्या,
नऊशे सत्त्याण्णव.
त्याने पाचशेच्या दोन नोटा
अंगठा आणि उरलेल्या एका बोटाच्या चिमटीत धरून
आत सरकवल्या.
खणात सुटे नव्हते.
"आसूं दी गे," म्हणाला,
दाराकडे वळलासुद्धा.

थांब, म्हटलं. थांब रे.
आणि मी माझी पर्स टेबलावर उलटी केली.