चार याद्यांची एक

दांडिया बाजारात, सायकलच्या दुकानावर
आमची खोली. सेव-उसळ गार होत होती.
निमिष म्हणाला, चार गट कशाला? एकच करू.
कोड लिहिणारे, अक्षरं घडवणारे, भाषांतरवाले,
आणि चौथा, नुसत्या तक्रारींचा.

बेरीज केली: एकशे बारा.
ऊर भरून आला, खरं सांगते.
फुकट वाटायच्या एका शुद्धलेखन-तपासनीसापायी
एवढी माणसं!

मग दुबार नावं गाळली.
मी चारही ठिकाणी निघाले.
हेतल पारेख तीनदा,
त्यात एकदा पारीख.
उरले एकोणचाळीस.
इतकी वर्षं आम्हीच आम्हाला
या दारातून त्या दारात हाका मारत होतो.

एकच नाव एकाच यादीत:
मालिनी टिपणीस, रावपुरा.
दर शनिवारी एक प्रश्न.
‘सेव्ह’ला ‘जतन’ म्हणावं
की साधं ‘राखून ठेव’?
अकरा महिने कुणी बोललं नाही.
आम्ही होतो की तिथे, नावापुरते.

काल जुने गट बंद केले.
आज शनिवार.
तोच प्रश्न, तेच ‘सप्रेम नमस्कार’,
एकोणचाळीस खिशांत एकदम वाजला.

मी हात पुसले.
लिहिलं, ‘राखून ठेव’.
खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.